‘व्हाम्पीर’ : कथानकाचा गुंता आणि दृष्टीचा प्रश्न

कार्ल थिओडोर ड्रायर ह्या डॅनिश दिग्दर्शकाचा ‘व्हाम्पीर’ हा चित्रपट ६ मे १९३२ रोजी बर्लिन येथे प्रथम दाखविण्यात आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. जोन ऑफ आर्कच्या छळाचे चित्रण करून १९२८ साली ज्याने कीर्ती मिळविली, त्या दिग्दर्शकाने रक्तपिपासू पिशाचाची गोष्ट निवडावी आणि तीही धड कळू नये अशा रीतीने सांगावी, हे त्यांना मानवले नाही. ड्रायरचा पुढचा दीर्घ चित्रपट पडद्यावर यावयाला १९४३ साल उजाडावे लागले. पुढे काळाने कौल फिरविला. आज भयपटांच्या इतिहासात ह्या चित्रपटाचे स्थान निर्विवाद मानले जाते. परंतु एखाद्या कृतीची प्रतिष्ठा वाढली म्हणून तिचे कथानक सुबोध झाले असे होत नाही. ‘व्हाम्पीर’ प्रथमच पाहणारा प्रेक्षक आजही चित्रपट संपल्यावर जे प्रश्न विचारतो, ते १९३२ सालच्या प्रेक्षकाच्या प्रश्नांहून फारसे वेगळे नसतात.

ह्या प्रश्नांना दोन ठरीव उत्तरे दिली जातात. एक असे की, हे सगळे स्वप्न आहे. जर्मन आवृत्तीचे उपशीर्षकच ‘अ‍ॅलन ग्रेचे स्वप्न’ असे असल्याने ह्या उत्तराला आयता आधार मिळतो. दुसरे असे की, ह्या चित्रपटात कथानकाला महत्त्व नाही, महत्त्व आहे ते वातावरणाला. दोन्ही उत्तरे ऐकावयास बरी वाटतात आणि दोन्ही उत्तरांनी प्रश्न सुटण्याऐवजी टळतो. स्वप्न म्हटले की कोणत्याही विसंगतीचा जाब विचारण्याचे कारण उरत नाही. वातावरण म्हटले की घटनांचा क्रम तपासण्याचे कष्ट वाचतात. वस्तुतः ‘व्हाम्पीर’ला कथानक आहे, ते बऱ्यापैकी घट्ट विणलेले आहे, आणि त्याची दुर्बोधता कोठून येते हे नेमके दाखविता येते. ती जेथे सहेतुक आहे तेथे तिचा हेतू सांगता आला पाहिजे, आणि जेथे ती निव्वळ उणीव आहे तेथे तिला उणीव म्हणण्याची तयारी पाहिजे.

प्रथम घटना. पिशाचविषयक अंधश्रद्धांच्या अभ्यासात बुडालेला अ‍ॅलन ग्रे नावाचा तरुण संध्याकाळच्या वेळी कुर्तांपियेर ह्या खेड्यातील नदीकाठच्या खाणावळीत उतरतो. रात्री त्याने कुलूप लावलेल्या खोलीत एक वृद्ध गृहस्थ प्रवेश करतो, ‘ती मरता कामा नये’ अशा अर्थाचे काही बोलतो आणि आपल्या मृत्यूनंतर उघडावे असे लिहिलेले एक पुडके ठेवून निघून जातो. ग्रे बाहेर पडतो. सावल्यांचा माग काढीत तो एका ओसाड इमारतीत येतो. तेथे एक लाकडी पायाचा शिपाई, एक चष्मेवाला डॉक्टर आणि एक आंधळी म्हातारी त्याला दिसते. पुढे तो एका वाड्यापाशी पोहोचतो आणि खिडकीतून पाहतो तो वाड्याच्या धन्यावर गोळी झाडली जात आहे. हा धनी म्हणजे रात्रीचा तो वृद्ध गृहस्थ. त्याला दोन मुली : थोरली लेओन आजारी आहे, धाकटी झिझेल भेदरलेली आहे. पुडक्यात पिशाचांविषयीचे एक पुस्तक निघते. पोलिसांना आणावयास गेलेली गाडी परत येते ती गाडीवानाचे प्रेत घेऊन. लेओन अंथरुणातून उठून बागेत जाते, आणि तिच्यावर ओणवलेली तीच म्हातारी दिसते. डॉक्टर येतो, रक्त हवे म्हणतो, ग्रे रक्त देतो. लेओनला विष प्यावयास लावण्याचा डाव ग्रे ऐनवेळी हाणून पाडतो. डॉक्टर झिझेलला पळवून नेतो. पाठलाग करताना ग्रे धडपडतो, एका बाकावर बसतो, आणि त्याच्या देहातून दुसरा ग्रे उठून चालू लागतो. हा दुसरा ग्रे त्या इमारतीत जातो व शवपेटीत स्वतःलाच पाहतो. पेटी स्मशानाकडे निघते. बाकावरचा ग्रे भानावर येतो. वाड्यातला म्हातारा नोकर त्याच वेळी म्हातारीचे थडगे उघडीत असतो. लोखंडी पहार तिच्या छातीतून ठोकली जाते, लेओन मुक्त होते, धन्याची मुद्रा खिडकीशी प्रकट होऊन शिपायाचा व डॉक्टरचा सूड घेते, डॉक्टर पिठाच्या गिरणीत पिठाखाली गुदमरून मरतो, आणि ग्रे झिझेलला सोडवून धुक्यातून नाव हाकीत पैलतीरी नेतो.

असे एका परिच्छेदात सांगितले असता ह्या कथेत न कळण्यासारखे फारसे काही उरत नाही. चित्रपट पाहताना मात्र ती कळत नाही. ह्याचे कारण सारांशाने चोरून आणलेली एक गोष्ट आहे. सारांश ज्याला ‘कारण’ म्हणून जोडतो ते चित्रपटात त्या त्या प्रसंगी जोडलेले नसते. ते पुस्तकात असते.

गॉथिक कथेत सापडलेल्या हस्तलिखिताची युक्ती तिच्या जन्माइतकीच जुनी आहे. हॉरेस वॉलपोलने १७६४ साली आपली ‘ओट्रँटो’ची कादंबरी एका जुन्या इटालियन हस्तलिखिताचे भाषांतर म्हणून वाचकांपुढे ठेविली होती. ड्रायरने ही युक्ती चित्रपटाच्या पोटात घेतली आहे. पुडक्यातील पुस्तकाची पाने पडद्यावर वारंवार येतात, इतकी की बोलपटाच्या काळातही त्यांनी मूकपटातील लेखी पाट्यांची जागा घेतल्यासारखे वाटते. ह्या पानांतून प्रेक्षकाला सर्व काही कळते. पिशाच आपल्या बळीला आत्महत्येस प्रवृत्त करते, कारण आत्महत्या करणाऱ्याला स्वर्गाचे दार बंद होते. पूर्वी एका गावचा डॉक्टरच पिशाचाचा हस्तक बनला होता. ह्याच कुर्तांपियेर गावात एके काळी आलेल्या साथीचा संबंध मार्गरीत शोपँ नावाच्या बाईशी लोक जोडीत. अशा पिशाचाचा नाश थडगे उघडून लोखंडी पहारेने करावयाचा असतो. डॉक्टर असे का वागतो, विषाची बाटली कशासाठी, म्हातारी कोण, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तेथे छापील अक्षरांत दिली आहेत.

प्रश्न आहे तो ही उत्तरे केव्हा मिळतात ह्याचा. म्हातारीने डॉक्टरच्या हाती बाटली दिलेली प्रेक्षकाने चित्रपटाच्या पूर्वार्धातच पाहिलेली असते. त्या वेळी त्याला ना म्हातारीचे नाव ठाऊक असते, ना बाटलीचे प्रयोजन. अर्थ येऊन पोहोचतो तेव्हा ते दृश्य स्मृतीत अंधुक झालेले असते. थोडक्यात, येथे आधी परिणाम व नंतर कारण असा क्रम आहे आणि दोहोंमधले अंतर बरेच लांब आहे. डेव्हिड बॉर्डवेल ह्या अमेरिकन अभ्यासकाने ड्रायरवरील आपल्या १९८१ सालच्या ग्रंथात कारणाची ही अनुपस्थिती ‘व्हाम्पीर’च्या रचनेच्या केंद्रस्थानी मानली आहे, आणि ते निरीक्षण मान्य करण्यासारखे आहे. तथापि त्याला एक पुरवणी जोडावी लागते. कारण अनुपस्थित आहे हे खरे, पण ते कोणापासून अनुपस्थित आहे ?

पुस्तकाचा जो निर्णायक भाग आहे, म्हणजे मार्गरीत शोपँचा इतिहास आणि तिच्या नाशाचा उपाय, तो ग्रे वाचीत नाही. तो वाचतो म्हातारा नोकर. ग्रे त्या वेळी रक्त देऊन ग्लानीत पडलेला असतो. येथे ह्या चित्रपटाची खरी किल्ली आहे. नोकराच्या बाजूने कथा सांगून पाहावी म्हणजे गुंता किती सहज सुटतो ते ध्यानात येते. धन्याचा खून होतो. घरची लेक अज्ञात रोगाने खंगते. धन्याने मागे ठेविलेले पुस्तक नोकराच्या हाती पडते, तो ते नेटाने वाचतो, रोगाचे मूळ ओळखतो, हत्यारे घेऊन स्मशानात जातो, थडगे उघडतो, पहार ठोकतो, आणि अखेरीस गिरणीचे यंत्र सुरू करून विश्वासघातकी डॉक्टरचा निकाल लावतो. ह्या कथेला आदि, मध्य व अंत आहे. तिच्यात हेतू, शोध आणि कृती ह्यांची साखळी कोठेही तुटत नाही. १९३१ साली पडद्यावर आलेल्या टॉड ब्राउनिंगच्या ‘ड्रॅक्युला’त जे काम प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग करतो, ते येथे ह्या अबोल म्हाताऱ्याने केले आहे. परंतु कॅमेरा त्याच्याबरोबर नसतो. तो राहतो ग्रेबरोबर, आणि ग्रे हा पाहणारा आहे, करणारा नव्हे. संपूर्ण चित्रपटात त्याच्या पदरी मोजकीच कृत्ये आहेत : तो रक्त देतो, विषाचा पेला ओठाला लागू देत नाही, झिझेलला सोडवतो. स्मशानातही तो नोकराच्या हाताशी असतो, इतकेच. कथानक एकाचे आणि दृष्टी दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे. दुर्बोधता जी जाणवते ती ह्या दोहोंमधील फटीतून.

ग्रेच्या भूमिकेविषयी येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. ही भूमिका ज्युलियन वेस्ट ह्या नावाने ज्याने केली तो निकोला द गुन्झबर्ग हा व्यवसायाने नट नव्हता. चित्रपटाला भांडवल त्यानेच पुरविले होते आणि नायकाची भूमिका आपल्याला मिळावी ही त्याची अट होती. पात्रांपैकी लेओन झालेली झिबिले श्मित्स आणि धनी झालेला मोरिस शुत्स एवढीच काय ती मुरलेली मंडळी. गुन्झबर्गच्या निर्विकार चेहऱ्याला टीकाकारांनी पुष्कळ नावे ठेविली आहेत. परंतु झोपेत चालल्यासारखे वावरणे हेच जेथे पात्राचे स्वरूप आहे, तेथे एखाद्या तालेवार नटाने ह्या भूमिकेत प्राण ओतले असते तर चित्रपट बिघडला असता असेच म्हणावे लागेल. अभिनय हवा होता तेथे ड्रायरने तो घेतला आहे. आपण शापित झालो आहोत म्हणून रडणारी लेओन क्षणात धाकट्या बहिणीकडे भुकेल्या नजरेने पाहून हसू लागते, तो प्रसंग श्मित्सच्या नुसत्या चेहऱ्यावर उभा आहे.

दुर्बोधतेचा दुसरा उगम मूळ कथावस्तूत शोधावा लागतो. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत शेरिडन ल फान्यू ह्या आयरिश लेखकाच्या १८७२ सालच्या कथासंग्रहाचा निर्देश आहे. त्यातील ‘कार्मिला’ ही स्त्री-पिशाचाची कथा सर्वांच्या परिचयाची असल्यामुळे ‘व्हाम्पीर’ हे तिचे रूपांतर होय असे पुष्कळदा लिहिले जाते. प्रत्यक्षात ‘कार्मिला’मधून ड्रायरने फार थोडे घेतले आहे. कार्मिला तरुण व मोहक आहे, तर मार्गरीत शोपँ आंधळी, पांढऱ्या केसांची, काठी टेकीत चालणारी वृद्धा आहे. शवपेटीचा जो प्रसंग ह्या चित्रपटाची खूण होऊन बसला आहे, त्याचे मूळ त्याच संग्रहातील ‘ड्रॅगन व्होलाँ’ खाणावळीच्या कथेत आहे. त्या कथेत भूत नाही, पिशाच नाही. वॉटर्लूनंतर फ्रान्समध्ये आलेल्या एका श्रीमंत इंग्रज तरुणाला भामट्यांची टोळी गुंगीचे औषध देते. त्याचे शरीर निश्चेष्ट होते, शुद्ध मात्र शाबूत राहते, आणि त्याला जिवंतपणी पेटीत घालून पुरण्याची तयारी होते. हेतू पैशाचा, साधन औषधाचे, अशी तेथे कार्यकारणाची चोख जोडणी आहे. ड्रायरने प्रसंग उचलला आणि त्याचे कारण मागे सोडून दिले. औषधही गेले आणि भामटेही गेले. उरला तो केवळ उघड्या डोळ्यांनी पेटीत पडलेला माणूस. ‘असे का झाले’ ह्या प्रश्नाला चित्रपटात उत्तर मिळत नाही, कारण ज्या कथेत उत्तर होते तिच्यातून हा प्रसंग मुळासकट न उपटता वरचेवर खुडून घेतला आहे.

हा प्रसंग थोडा बारकाईने पाहिला पाहिजे, कारण स्वप्नवादी मताची परीक्षा येथेच होते. बाकावर बसलेला ग्रे एक, त्याच्यातून उठलेला पारदर्शक ग्रे दुसरा, आणि पेटीतला ग्रे तिसरा. दुसऱ्याला चाहूल लागते तेव्हा तो जमिनीतील झडपेखाली लपतो, आणि तेथून पुढे दृष्टी तिसऱ्याची होते. पेटीच्या झाकणाला काच आहे. त्या काचेतून वर पाहणाऱ्या प्रेताच्या जागी कॅमेरा ठेविलेला आहे. झाकणावर स्क्रू आवळले जातात, म्हातारी मेणबत्ती काचेवर ठेवते व वाकून आत पाहते, आणि मग छत, झाडांच्या फांद्या, आकाश हे सारे डोळ्यांवरून सरकू लागते. पेटी बाकाजवळून जाते तेव्हा पहिला ग्रे तेथे बसलेलाच आहे, आणि तो जागा होताच ती यात्रा विरून जाते. येथवर स्वप्नवाद्यांचे म्हणणे बरोबर आहे. हे स्वप्न आहे, आणि ते स्वप्न असल्याचे चित्रपटाने स्वच्छ दाखविलेही आहे. परंतु ह्या स्वप्नात दुसऱ्या ग्रेने त्या इमारतीत बांधून ठेवलेली झिझेल पाहिलेली असते, आणि जागा झालेला ग्रे पुढे नेमका तेथेच जाऊन तिला सोडवतो. स्वप्नात मिळालेली माहिती जागृतीत खरी ठरते. शिवाय संपूर्ण चित्रपटच स्वप्न असता तर त्याच्या आत आणखी एका स्वप्नाची सीमा इतक्या काटेकोरपणे आखण्याचे कारण नव्हते. तेव्हा स्वप्न आणि सत्य अशी वाटणी करून कथानक सोडवू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दोहोंत सीमा आहे, पण ती ओलांडून माल इकडून तिकडे जातो.

फ्रान्समध्ये लिहिणाऱ्या त्स्वेतान तोदोरोव्हने १९७० साली अद्भुत साहित्याचे लक्षण सांगताना वाचकाच्या दोलायमानतेवर भर दिला : घडले ते निसर्गनियमाने की नियमाबाहेर, हे ठरविता न येणे. हे लक्षण ‘व्हाम्पीर’ला लावून पाहण्याचा मोह होतो, पण ते बसत नाही. पिशाच आहे की नाही ह्याविषयी चित्रपटाला संशय नाही. पहार ठोकताच म्हातारीचा सांगाडा होतो, तो सर्वांसमक्ष. संशय आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा : पडद्यावर आता जे दिसत आहे ते कोणाच्या डोळ्यांनी, कोठून आणि केव्हाचे ?

ड्रायर आणि त्याचा छायालेखक रुडॉल्फ माटे ह्यांनी ‘कोठून’ हा प्रश्न मुद्दाम अवघड करून ठेविला आहे. ग्रे एका दिशेने पाहतो, कॅमेरा त्याला सोडून भिंतीवरून फिरत जातो, आणि फिरता फिरता ग्रेच अनपेक्षितपणे दुसऱ्या दाराने आत येताना दिसतो. पाहणारा म्हणून ज्याला मागे ठेवले तोच दृश्य होऊन समोर येतो. त्या ओसाड इमारतीचा नकाशा काढण्याचा प्रयत्न करणारा विद्यार्थी हात टेकल्याशिवाय राहत नाही. सावल्यांचेही तेच. खोदणाऱ्याची सावली उलट्या क्रमाने खोदते, माती फावड्याकडे परत येते. शिपायाची सावली त्याच्यापासून दूर हिंडते आणि आज्ञाधारकपणे परत येऊन त्याच्याशेजारी बसते. पुढे वाड्याच्या छतावर बंदूकधारी शिपायाची सावलीच दिसते, आणि धनी पडतो. सावली आधी स्वतंत्र करून दाखविली आहे म्हणूनच हा खून कळतो. ह्याला विसंगती म्हणता येत नाही. हे नियम आहेत, फक्त ते उदाहरणांतून शिकवले आहेत, सूत्रातून नव्हे. सर्वत्र पसरलेला करडा प्रकाशही ह्यात भर घालतो. भिंगावर चुकून पडलेल्या प्रकाशामुळे सुरुवातीची काही दृश्ये धुरकट आली आणि ड्रायरने मग तीच छटा पातळ जाळीच्या साहाय्याने सर्वत्र राखली, अशी हकीकत सांगतात. दिवस आणि रात्र ह्यांतला फरकच त्या प्रकाशाने पुसून टाकला आहे.

भरताने भयानक रसाचे विभाव सांगताना विकृत ध्वनी, भूतदर्शन, ओसाड घरे, अरण्य इत्यादींचा निर्देश केला आहे. ह्या यादीतील बहुतेक सर्व गोष्टी ‘व्हाम्पीर’मध्ये हजर आहेत, आणि तरीही भीती त्यांची वाटत नाही. ती वाटते विभाव आणि अनुभाव ह्यांची ताटातूट झाल्यामुळे. येथे भ्यालेले चेहरे आधी दिसतात, कशाला भ्याले ते उशिरा दिसते किंवा दिसतच नाही. रक्त देताना ग्रे बाजूच्या खोलीतून, आपले रक्त जात आहे, असे ओरडतो, आणि दाराआडून डॉक्टर शांतपणे सांगतो की छे, ते तर येथेच आहे. ह्या उत्तरात असत्य काहीच नाही. रक्त खरोखरच तेथे, डॉक्टरच्या ताब्यात, असते. आलंबन जेथे डॉक्टरच्या वेषात मदतीला येते, तेथे स्थायिभावाला धरावयाला जागाच उरत नाही.

एवढे म्हटल्यावर उणिवांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ग्रे डॉक्टरला मूल रडल्याचे आणि कुत्री भुंकल्याचे विचारतो, तेव्हा येथे मूलही नाही व कुत्रीही नाहीत असे उत्तर मिळते. ते मूल पुढे कोठेही येत नाही, आणि त्या प्रश्नोत्तराला कथानकात काही काम नाही. त्यातून कसलीशी गूढता सुचविली जाते एवढे खरे, पण तीच गूढता ह्याच इमारतीत सावल्यांनी किती तरी अधिक नेमकेपणाने साधली आहे. गाडीवानाचा खून कोणी व कसा केला हेही अधांतरी राहते. लेओन मुक्त झाली म्हणजे बरी झाली की मेली, ह्याचे उत्तर चित्रपटाने द्यावयास हवे होते. झिझेल पैलतीरी जाते ती बहिणीविना, आणि त्या जाण्याचा अर्थ ह्या उत्तरावर अवलंबून आहे. काही ठिकाणी दोष दिग्दर्शकाचा नाही. जर्मन नियंत्रकांनी पहार ठोकण्याचा आणि पिठात गुदमरण्याचा असे दोन प्रसंग कापावयास लावले. मूळ निगेटिव्ह नष्ट झाले आहे, आणि आज जो चित्रपट पाहावयास मिळतो तो जर्मन व फ्रेंच आवृत्त्यांच्या अपुऱ्या प्रतींवरून १९९८ साली सिद्ध केलेला आहे. हे दोन्ही प्रसंग नोकराच्या हातचे आहेत हे लक्षात घेतले म्हणजे ह्या कापाकापीने काय गेले ते कळते : पाहणाऱ्याची बाजू तशीच राहिली, करणाऱ्याची तुटली. कितीएक पिढ्यांनी जो ‘व्हाम्पीर’ पाहिला त्यात दुर्बोधता ड्रायरने योजिली होती त्याहून अधिक होती, आणि केवळ वातावरणाचा चित्रपट ही त्याची ख्याती काही अंशी नियंत्रकांच्या कात्रीने घडविलेली आहे.

अखेरच्या भागात दोन धागे आळीपाळीने येतात. एकीकडे धुक्यात वाट चुकलेली नाव, काठावर जाळ करून हाका घालणारी माणसे, आणि मग उन्हाने भरलेली झाडी. दुसरीकडे गिरणीची दातेरी चाके, वरून सतत पडणारे पांढरे पीठ, आणि त्यात बुडत जाणारा डॉक्टर. नावेतला ग्रे गिरणीत काय चालले आहे ते पाहू शकत नाही, आणि म्हाताऱ्या नोकराला नाव दिसत नाही. जी दृष्टी चित्रपटभर ग्रेला बांधलेली होती ती येथे प्रथमच मोकळी होऊन करणाऱ्याकडेही जाते. शेवटचे चित्र उन्हातल्या जोडप्याचे नाही. ते आहे गिरणीच्या चाकांचे, काम संपून हळूहळू थांबणाऱ्या.